इनावाशिरोकाठचे घर : डॉ. हिदेयो नोगुची यांची जीवनकथा

जपानमधील फुकुशिमा प्रांताच्या पश्चिम भागात बांदाई नावाचा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. त्याच्या दक्षिण पायथ्याशी इनावाशिरो हे विस्तीर्ण सरोवर पसरलेले आहे. या सरोवराच्या काठी सान्जोगाता नावाच्या लहानशा वस्तीत गवताने शाकारलेले एक जुने शेतकरी घर आजही आपल्या मूळ जागी जतन करून ठेवलेले आहे. हे घर १८२३ साली बांधले गेले. ते कोण्या सरदाराचे नव्हे, सावकाराचेही नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यात पिचलेल्या एका कुळाचे ते घर. हिवाळ्यात त्या भागात बर्फाचे थर साचतात, सरोवरावरून बोचरे वारे वाहतात, आणि घरातील माणसांना ऊब मिळते ती एकाच ठिकाणाहून. जमिनीत खोदलेला चौकोनी खड्डा, त्यात राख आणि निखारे, वर आढ्यापासून लोंबणारा आकडा व त्याला अडकवलेले भांडे. जपानी भाषेत याला इरोरी म्हणतात. स्वयंपाक, शेक आणि रात्रीचा उजेड, सर्व काही या एका चुलीवर.

याच घरात ९ नोव्हेंबर १८७६ रोजी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव सेईसाकू ठेवण्यात आले. पुढे जगाने त्याला डॉ. हिदेयो नोगुची या नावाने ओळखले. सर्पविष, उपदंश, पेरू देशातील ओरोया ज्वर आणि पीतज्वर या विषयांवर आयुष्यभर संशोधन करणारे हे जंतुशास्त्रज्ञ वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी आफ्रिकेत, ज्या रोगाचा शोध घेत होते त्याच रोगाने, मरण पावले. जपानमध्ये शाळेतल्या प्रत्येक मुलाला त्यांची गोष्ट ठाऊक असते. मात्र मुलांना सांगितली जाणारी ती गोष्ट पुष्कळदा अर्धीच असते. ती पूर्ण सांगावी, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

या घराची कथा खरे तर मुलापासून नव्हे, आईपासून सुरू होते. तिचे नाव शिका. तिचा जन्म १८५३ चा. आईवडिलांचे छत्र तिला असून नसल्यासारखेच होते. आजीनेच तिला वाढविले. खेळण्याच्या वयात ती दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिली. ती पंधरा वर्षांची असताना, १८६८ मध्ये, आइझू संस्थानाने नव्या सम्राट-सरकारच्या सैन्यापुढे युद्धात हार खाल्ली आणि मुळातच गरीब असलेला तो मुलूख आणखी होरपळला. शिकाला शाळा मिळाली नाही. परंतु अक्षरांची ओढ होती. गावातल्या एका धर्मोपदेशकाकडून तिने कित्ता मिळविला, तबकात राख पसरली आणि दिवसभराचे काम आटोपल्यावर त्या राखेत बोटाने अक्षरे गिरविली, असे तिच्याविषयी सांगितले जाते. आपल्याकडे ज्या घरांत पहिल्या पिढीचे अक्षर धुळाक्षरांनीच उमटले, त्या घरांतील वाचकांना ही राख वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

तिचा विवाह सायोसुके यांच्याशी झाला. माणूस स्वभावाने वाईट नव्हता, पण दारूच्या अधीन होता. मिळविलेले घरी पोचत नसे. थोरली मुलगी इनू, त्यानंतर सेईसाकू, पुढे धाकटा सेईझो, अशी मुले झाली. संसाराचा भार शिकाच्या खांद्यावर होता.

१८७८ च्या वसंतात, सेईसाकू दीड वर्षाचाही झालेला नसताना, तो घात झाला. शिका घराबाहेर कामात होती. आत निजलेले मूल जागे झाले, रांगत इरोरीपाशी गेले आणि निखाऱ्यांत पडले. आक्रोश ऐकून ती धावत आली, तोवर डावा हात होरपळून गेला होता. त्या वस्तीत डॉक्टर नव्हता. असता तरी त्याला द्यायला पैसे नव्हते. घरगुती उपचार झाले, जखमा भरल्या, परंतु बोटे एकमेकांना चिकटून हाताचा पंजा मुठीसारखा आवळला गेला.

या प्रसंगात शिकाचा अपराध कोणता होता? शेतावर राबणाऱ्या, मूल घरात ठेवून बाहेर पडावे लागणाऱ्या कोणत्याही आईचा असतो तेवढाच, म्हणजे काहीही नाही. तरीही तिने तो अपराध आपल्या शिरावर घेतला आणि आयुष्यभर वाहिला. ज्या मुलाला शेतात नांगर धरता येणार नाही, त्याला विद्येवर जगता आले पाहिजे, असा तिने निश्चय केला. सरोवरात उतरून ती कोळंबी पकडी आणि विकावयास नेई. पाठीवर ओझी बांधून डोंगरवाटांनी हमाली करी. पुरुषांनी करावयाचे हे काम तिने बर्फातही सोडले नाही.

तिची भक्ती कान्नोनवर होती. आइझूच्या खोऱ्यात नाकाता येथे कान्नोनचे प्राचीन मंदिर आहे. तेथे ती दूरवरून चालत जाई आणि रात्र जागवी. कान्नोन म्हणजे आपल्याला परिचित असलेला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. नाकाता येथील मूर्ती एकादशमुखी आहे आणि एकादशमुखी अवलोकितेश्वराचे एक शिल्प आपल्या कान्हेरीच्या एकेचाळीसाव्या लेण्यात आहे, ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्याजोगी वाटते. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात नवससायासांना स्थान नाही आणि शिकाची भक्ती त्या अर्थाने आपली वाट नव्हे. तथापि एवढे दिसते, की तिने कान्नोनपुढे हात जोडले आणि लगेच ओझे उचलले. प्रार्थना हा तिला कष्टांचा पर्याय वाटला नाही.

सेईसाकू शाळेत जाऊ लागला तेव्हा मुले त्याला थोटा म्हणून चिडवीत. हात बाहीत लपवून तो वावरे. शाळा बुडवून तो सरोवरावर किंवा डोंगरात जाऊन बसे, असेही सांगितले जाते. आईला ते कळले तेव्हा तिने त्याला मारले नाही. तिचे कष्ट तो पाहत होता, आणि तेच पुरेसे झाले. पुढे तो वर्गात पहिला येऊ लागला. १८८८ साली बांदाई पर्वताचा स्फोट होऊन उत्तरेकडील खेडी गाडली गेली, सुमारे पावणेपाचशे माणसे मेली. दक्षिण अंगाला असलेले सान्जोगाता वाचले. तेव्हा सेईसाकू अकरा वर्षांचा होता.

त्याच सुमारास त्याच्या आयुष्यात शिक्षक साकाए कोबायाशी आले. इनावाशिरोच्या वरिष्ठ प्राथमिक शाळेत ते शिकवीत. परीक्षक म्हणून खेड्यातल्या शाळेत आले असता या मुलाची हुशारी त्यांच्या नजरेत भरली. गरीब शेतकऱ्याच्या मुलाने चौथीपुढे शिकणे त्या काळी ऐकिवात नव्हते. कोबायाशींनी शिकाची भेट घेतली आणि मुलाचा भार उचलण्याची तयारी दाखविली. १८८९ मध्ये सेईसाकू वरिष्ठ शाळेत दाखल झाला. रोज कित्येक किलोमीटर चालत जाणे आणि येणे, हिवाळ्यात तेच अंतर बर्फातून.

या शाळेत त्याने आपल्या हाताविषयी एक निबंध लिहिला. व्यंगामुळे होणारी कुचंबणा, मनात येणारे काळे विचार, सारे त्याने त्यात मांडले. निबंध वाचून शिक्षक आणि वर्गमित्र हेलावले. कोबायाशींच्या पुढाकाराने शाळेत वर्गणी गोळा झाली. ज्यांनी पैसे दिले ते कोणी धनिक नव्हते. काही वर्षांपूर्वी चिडविणारी मुलेही त्यांत असतील. १८९२ मध्ये आइझू-वाकामात्सु या शहरात, अमेरिकेत वैद्यक शिकून आलेले डॉ. कानाए वातानाबे यांनी त्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली. चिकटलेली बोटे सुटी झाली. हात पूर्ववत झाला नाही, पण त्याला वस्तू धरता येऊ लागल्या.

चरित्रकार येथे सामान्यतः सेईसाकूच्या जिद्दीचे वर्णन करतात. मला मात्र ती वर्गणीची यादी अधिक महत्त्वाची वाटते. जिद्द त्याच्याकडे आधीही होती. ती असतानाही बोटे चिकटलेलीच होती. ती सुटली ती संघाच्या दानाने. वसतिगृहात राहून, समाजाच्या मूठमूठ धान्यावर शिकून गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे अधिक लवकर पटेल.

बोटे सुटली त्या दिवशीच वैद्यक शिकण्याचे ठरले, असे म्हटले जाते. १८९३ मध्ये शाळा संपताच तो डॉ. वातानाबे यांच्याच दवाखान्यात विद्यार्थी-सेवक म्हणून राहिला. दिवसा झाडलोट, औषधे, रुग्ण. रात्री इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहण्याची पहिली संधी त्याला तेथे मिळाली. याच शहरात १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षाही घेतली.

सप्टेंबर १८९६ मध्ये तोक्योला निघण्यापूर्वी तो घरी आला. चाकू घेऊन त्याने घराच्या एका खांबावर आपला संकल्प कोरला : मनी धरलेले साध्य झाल्यावाचून या भूमीवर पुन्हा पाऊल ठेवणार नाही. ती कोरलेली अक्षरे अजून आहेत. घरातल्या चुलीइतकाच हा खांबही आज पाहणाऱ्यांना खिळवून ठेवतो. वीस वर्षांच्या तरुणाच्या त्या संकल्पात निर्धार आहे आणि थोडा निष्ठुरपणाही आहे, कारण ज्या घरावर त्याने तो कोरला त्या घरात मागे राहणार होती ती आई.

त्या वेळी जपानमध्ये विद्यापीठात न शिकताही शासनाच्या परीक्षा देऊन डॉक्टर होता येत असे. नोगुचींनी पहिला टप्पा त्याच शरदात पार केला. परंतु जवळचे पैसे उधळून झाले होते. राहण्याचीही भ्रांत पडली तेव्हा दंतवैद्यकाच्या एका महाविद्यालयातील अध्यापक मोरिनोसुके चिवाकी यांनी त्यांना आश्रय दिला. तेथे त्यांनी पडेल ते काम केले, हातावर दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि १८९७ मध्ये ते दुसरी परीक्षा उत्तीर्ण होऊन डॉक्टर झाले. ज्यांच्या घराण्यात किंवा विद्यापीठात नाव नव्हते अशा डॉक्टरला जपानच्या वैद्यक क्षेत्रात फारशी किंमत नव्हती, हेही त्यांना लवकरच कळले.

आता त्यांच्या दोषांविषयी. नोगुची पैशाच्या बाबतीत बेभरवशाचे होते. कर्ज काढीत, ते उडवीत, पुन्हा काढीत. दारू आणि चैन यांत रमत. वडिलांमुळे आईचे जे झाले ते डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाने असे वागावे, याचे दुःख होते. त्या काळी शोयो त्सुबोउची यांची एक प्रसिद्ध कादंबरी वाचत असता त्यांना तीत नोनोगुची सेईसाकू नावाचा, व्यसनांत बुडालेला वैद्यकाचा विद्यार्थी आढळला. नावातले साम्य त्यांना इतके झोंबले, की १८९८ मध्ये त्यांनी खटपट करून आपले नाव बदलून घेतले. हिदेयो हे नाव कोबायाशी गुरुजींनी दिलेले. नाव बदलले, सवयी एकदम बदलल्या नाहीत. अमेरिकेला जाण्यासाठी एका विवाहसंबंधाच्या बोलीवर मिळालेले पैसेही निरोपाच्या मेजवानीत बहुतांशी संपले, आणि चिवाकी यांना सावकाराचे दार ठोठवावे लागले. तो विवाह पुढे झालाच नाही. या साऱ्याची भरपाई चिवाकी यांनी केली.

१८९८ मध्येच ते शिबासाबुरो कितासातो यांच्या संसर्गजन्य रोगसंस्थेत साहाय्यक झाले होते. हे कितासातो म्हणजे रॉबर्ट कॉख यांचे शिष्य. १८९४ च्या हाँगकाँगच्या प्लेगमध्ये त्या रोगाच्या जंतूचा शोध घेण्यासाठी गेलेल्यांत अलेक्झांडर यर्सिन यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. तोच प्लेग १८९६ मध्ये मुंबईत उतरला, घरे ओस पडली आणि जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची संस्था आज त्यांचे नाव लावते. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, योकोहामा बंदराच्या विलगीकरण केंद्रात काम करीत असताना नोगुचींनी एका जहाजावरील प्लेगचा रुग्ण ओळखला. त्या कामगिरीमुळे चीनमधील निउच्वांग बंदरातील प्लेगविरोधी पथकात त्यांची निवड झाली. महाराष्ट्रातील आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी ज्या साथीला गाठीचा ताप म्हणून तोंड दिले, तिच्याच दुसऱ्या टोकाशी हा तरुण उभा होता.

अमेरिकेचे दार उघडले ते एका ओझरत्या भेटीमुळे. १८९९ मध्ये सायमन फ्लेक्सनर नावाचे अमेरिकन वैद्यक जपानला आले असता इंग्रजी जाणणारे नोगुची त्यांच्याबरोबर फिरले. सौजन्य म्हणून फ्लेक्सनर काही आश्वासक बोलले असावेत. नोगुचींनी ते आमंत्रण मानले. डिसेंबर १९०० च्या अखेरीस ते फिलाडेल्फियात फ्लेक्सनर यांच्या दारात उभे राहिले. फ्लेक्सनर चकित झाले, पण त्यांनी त्यांना परत पाठविले नाही. सर्पविषाचे काम दिले. या विषयात नोगुचींना काहीही गती नव्हती. तरीही दुखऱ्या हाताने विषारी साप हाताळीत त्यांनी थोड्याच काळात भरीव निष्कर्ष काढले. कोपनहेगन येथे थोर्वाल्ड मॅडसेन यांच्याकडे अभ्यास करून आल्यावर १९०४ पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर वैद्यक संशोधन संस्थेत स्थिर झाले. सर्पविषावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. ते रात्ररात्र काम करीत. केव्हा झोपतात, असा प्रश्न सहकाऱ्यांना पडे.

त्यांचे निर्विवाद श्रेष्ठ कार्य १९१३ चे. त्या काळी वेड्यांच्या रुग्णालयांत असे पुष्कळ रोगी असत, ज्यांची बुद्धी क्रमाने ढासळत जाई आणि पक्षाघात होऊन ते मरत. हे उपदंशाचे उशिरा दिसणारे रूप असावे, असा संशय होता; पुरावा नव्हता. नोगुची आणि त्यांचे सहकारी मूर यांनी अशा मृतांच्या मेंदूचे पातळ छेद घेऊन एकामागून एक तपासले आणि काहींमध्ये उपदंशाचे मळसूत्राच्या आकाराचे जंतू प्रत्यक्ष दाखवून दिले. मनाच्या एका भयंकर विकाराचे मूळ शरीरात शिरलेल्या जंतूत आहे, हे ठरले. वेड हा दैवी कोप किंवा पूर्वजन्मीचे पाप नव्हे, तर कारण असलेला आणि म्हणून निवारण होऊ शकणारा रोग आहे, या विचाराला प्रयोगशाळेने दिलेला तो भक्कम आधार होता. कारणावाचून कार्य नाही, हे तथागतांचे प्रतिपादन मानणाऱ्यांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये आणखी एक विद्यार्थी येऊन पोचला होता. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात तोही असाच दिवसरात्र बुडालेला असे. १९१६ पर्यंत बाबासाहेब आणि नोगुची एकाच शहराच्या दोन भागांत राहत होते. एक पुस्तकांत, दुसरा काचपट्ट्यांत.

मात्र याच काळातील एक प्रकरण झाकून ठेवता येत नाही. उपदंश ओळखण्यासाठी नोगुचींनी ल्युएटिन नावाची त्वचेची चाचणी तयार केली. ती ज्यांच्यावर करून पाहिली त्यांत रुग्णालयांतील रोग्यांप्रमाणेच अनाथाश्रमांतील निरोगी मुलेही होती, आणि त्यांची संमती घेतलेली नव्हती. टोचलेले द्रव्य मारलेल्या जंतूंचे होते, त्यामुळे रोग होण्याचे भय नाही, अशी बाजू मांडली गेली. १९१२ मध्ये वृत्तपत्रांतून मोठा गदारोळ उठला. खटला उभा राहिला नाही. तरीही ज्यांच्यामागे विचारणारे कोणी नाही त्यांच्याच देहावर प्रयोग करणे तेव्हा सोपे वाटत होते, ही गोष्ट उरतेच. ज्या मुलाच्या हातासाठी गावाने वर्गणी काढली त्याच्याकडून हे घडले, म्हणून ते अधिक खुपते. उपदंशाचे जंतू शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढविल्याचा त्यांचा १९११ चा दावाही इतरांना पुन्हा करून दाखविता आला नाही.

इकडे सान्जोगाताच्या घरात शिका म्हातारी होत होती. तिने सुईणपणाचा परवाना मिळविला होता, आणि त्यासाठी पुन्हा अक्षरे गिरविली होती. मुलगा जाऊन अकरा वर्षे झाली होती. १९१२ च्या जानेवारीत तिने त्याला एक पत्र लिहिले. वाकडीतिकडी अक्षरे, बोलीभाषेतले शब्द, चुकलेले शब्दही. तुझ्या यशाने सारे थक्क झाले आहेत, पण मला एकटीला फार उदास वाटते, लवकर ये, एवढाच त्या पत्राचा आशय. ये हा शब्द ती पुन्हा पुन्हा लिहिते. पूर्वेकडे, पश्चिमेकडे, उत्तरेकडे, दक्षिणेकडे वळून हात जोडते, असे कळविते. उत्तर कधी येईल ते विचारते आणि झोप लागत नसल्याचे सांगून थांबते. त्या पत्राची छायाचित्रे जपानी माणसे आजही डोळे पुसत वाचतात.

तरी नोगुचींना यायला १९१५ चा सप्टेंबर उजाडला. त्या वर्षी जपानच्या अकादमीने त्यांना सम्राटाच्या नावाचे मोठे पारितोषिक दिले होते. ५ सप्टेंबरला ते योकोहामाला उतरले आणि काही दिवसांतच त्या गवती छपराच्या घरी आले. खांबावर कोरलेली अट पुरी झाली होती. आईला घेऊन ते नाकाताच्या कान्नोनच्या दर्शनाला गेले. पुढे आई, कोबायाशी गुरुजी आणि त्यांच्या पत्नी यांना घेऊन त्यांनी इसे, ओसाका, क्योतो असा प्रवास केला. ओसाकाजवळच्या मिनो येथील मेजवानीत मोठमोठे विद्वान बसले असता ते आईच्या शेजारी बसून एकेक पदार्थ काय आहे ते तिला सांगत, स्वतः भरवीत होते. ते दृश्य पाहून उपस्थितांचे डोळे भरून आले. तेथे पुढे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. नोव्हेंबरमध्ये ते परत गेले. मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात, इन्फ्लुएंझाच्या जागतिक साथीत, शिकाने देह ठेवला.

त्याच वर्षी नोगुची दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरमध्ये गेले होते. तेथे पीतज्वराची साथ होती. ताप, कावीळ, काळी उलटी आणि मृत्यू. डासांमुळे तो पसरतो, हे क्यूबाचे कार्लोस फिनले यांनी सांगितले होते आणि वॉल्टर रीड यांच्या पथकाने १९०० मध्ये सिद्ध केले होते. शिवाय ज्या गाळणीतून जंतू पार होत नाहीत तिच्यातूनही रोगकारक घटक पार होतो, हेही त्या पथकाने दाखविले होते. नोगुचींना मात्र अल्पावधीतच रुग्णांच्या रक्तात मळसूत्री जंतू सापडले आणि हाच पीतज्वराचा कारक, असे त्यांनी जाहीर केले. लस तयार झाली. ती लॅटिन अमेरिकेत अनेकांना टोचली गेली. मेक्सिको व पेरूमध्येही त्यांनी हेच निष्कर्ष काढले.

ते चुकले होते. त्यांनी तपासलेल्यांपैकी काही रुग्णांना वस्तुतः वाइल नावाची वेगळी कावीळ झालेली असावी. तिची लक्षणे पीतज्वरासारखीच असतात. १९२६ मध्ये मॅक्स थाइलर आणि अँड्र्यू सेलर्ड्स यांनी नोगुचींचा जंतू आणि वाइल रोगाचा जंतू एकच असल्याचे दाखविले. लस मागे पडली. त्याच वर्षी नोगुचींनी पेरूतील ओरोया ज्वर आणि तेथील चामखिळींचा रोग एकाच जंतूमुळे होतात, हे सिद्ध केले होते. ते काम अचूक होते आणि आजही मान्य आहे. परंतु माणसाला आपले खरे ठरलेले काम विसरता येते, खोटे ठरू पाहणारे नाही.

पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स यांच्या पथकाने जून १९२७ मध्ये असिबी नावाच्या एका आफ्रिकन रुग्णाचे रक्त हिंदुस्थानी ऱ्हीसस माकडाला टोचले. माकड पीतज्वराने मेले आणि रोगाचा विषाणू प्रयोगशाळेच्या हाती आला. नोगुचींचा जंतू तेथे कोणालाच दिसला नाही. सप्टेंबरात स्टोक्सच या रोगाला बळी पडले. सारे मित्र नको म्हणत असता नोगुची स्वतः निघाले आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये आज ज्याला घाना म्हणतात त्या देशातील आक्रा येथे पोचले. वय एक्कावन्न, प्रकृती खालावलेली. मनुष्य जेथे आपल्या सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा आहे तेथे तो तपासावयास जातो, ही साधी गोष्ट नव्हे. ते चुकीवर अडून बसले, असे म्हणणारे आहेत. मला वाटते, अडून बसायचे असते तर न्यूयॉर्कमध्ये बसणे सोपे होते.

कोर्ले बू येथील प्रयोगशाळेत शेकडो माकडांवर सहा महिने काम चालले. काही नवे निष्कर्ष हाती आल्याचे ते कळवीत राहिले, पण गुंता सुटला नाही. परतण्याची तयारी चालू असतानाच मे १९२८ मध्ये त्यांना ताप आला. आपल्याला काहीच उमगत नाही, असे ते शेवटच्या दिवसांत बोलल्याचे सांगतात. २१ मे रोजी ते निवर्तले. त्यांचे शवविच्छेदन करणारे प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. विल्यम यंग हेही काही दिवसांतच पीतज्वराने गेले. नोगुचींचा देह न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत आहे. पत्नी मेरी यांची समाधी शेजारीच आहे.

असिबीच्या रक्तातून मिळालेल्या त्या विषाणूपासून थाइलर यांनी १९३७ मध्ये पीतज्वराची खरी लस तयार केली. त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असिबी त्या दुखण्यातून बरा झाला होता. आक्रा येथे १९७९ पासून नोगुचींच्या नावाची वैद्यक संशोधन संस्था उभी आहे आणि कोर्ले बूमधील त्यांची खोली जपलेली आहे. २००४ पासून जपानच्या एक हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. २०२४ मध्ये नवी नोट निघाली. तिच्यावर कितासातो आहेत.

सान्जोगाताचे घर १९३९ पासून स्मारक म्हणून लोकांना खुले आहे. इरोरी, कोरलेला खांब आणि शिकाचे पत्र तेथे पाहता येते. आइझू-वाकामात्सु येथील दवाखान्याची इमारतही टिकून आहे. तळमजल्यावर कॉफी मिळते, वर नोगुचींच्या तरुणपणाच्या वस्तू मांडलेल्या आहेत. शिक्षण-नोकरीनिमित्त आपले जे माजी विद्यार्थी जपानमध्ये असतील त्यांनी तोक्योहून शिंकान्सेनने कोरियामा गाठावे, तेथे गाडी बदलून इनावाशिरो स्थानकावर उतरावे. पुढचा रस्ता सरोवराच्या दिशेने जातो.